अमेरिकेत वारशाने आलेले तेल-गॅसचे हक्क: कागद, हिशेब आणि कर

अमेरिकेत जमिनीचा मालक एक आणि त्याच जमिनीखालच्या तेलाचा मालक दुसराच, ही रोजची गोष्ट आहे. आपल्याला हे पटकन पचत नाही. भारतात शेताखाली तेल लागलं तर शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळतो. तेलावरची रॉयल्टी राज्य सरकारकडे जाते आणि मुंबई हायसारख्या समुद्रातल्या क्षेत्राची केंद्राकडे. टेक्सस, ओक्लाहोमा, नॉर्थ डकोटा, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत मात्र ती रॉयल्टी एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या खात्यात जमा होत असते, आणि ती गेली की तिच्या मुलांच्या आणि नातवंडांच्या.

मराठी घरांत हा विषय सहसा लग्नातून शिरतो. सून किंवा जावई अमेरिकन, त्यांच्या आजोबांची शेती कधीकाळी पश्चिम टेक्ससमध्ये होती, जमीन विकली पण "मिनरल्स" ठेवून घेतले. किंवा ह्यूस्टन, टल्साकडे स्थायिक झालेल्या एखाद्या काकांनी गुंतवणूक म्हणून थोडे हक्क घेतलेले असतात आणि ते गेल्यावर पुण्यातल्या पुतण्याच्या हाती फाइल येते. फाइलमध्ये चेकच्या जुन्या चिठ्ठ्या, एखादं लीज (कंपनीला तेल काढू देण्याचा करार) आणि "आम्ही तुमचे हक्क विकत घेऊ" असं सांगणारी चार-पाच पत्रं. मूळ खरेदीखत बहुधा नसतंच.

अशा वेळी पहिला नियम एवढाच: तुमच्या मालकीचं नेमकं काय आणि किती आहे हे कळेपर्यंत कशावरही सही करू नका. पत्रातल्या मुदतीला घाबरू नका. ती पाठवणाऱ्याने स्वतःच्या सोयीने ठरवलेली असते. या लेखातली उदाहरणं बहुतेक टेक्ससची आहेत. तुमचे हक्क दुसऱ्या राज्यात असतील तर कायदा त्या राज्याचा लागतो. तुम्ही कुठे राहता किंवा मृत व्यक्ती कुठे राहत होती, याने फरक पडत नाही.

हाती आलंय ते नेमकं काय?

"आमच्याकडे ऑइल रॉयल्टी आहे" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

पूर्ण खनिज हक्क, म्हणजे मिनरल इंटरेस्ट, हा सगळ्यांत भक्कम. जमिनीखालच्या तेल-गॅसची मालकी तुमची, ते काढण्यासाठी कंपनीला लीज देण्याचा अधिकार तुमचा, लीजच्या वेळी मिळणारा बोनस तुमचा आणि नंतरची रॉयल्टीही तुमची. विहीर बंद पडली, लीज संपलं, तरी हक्क तुमच्याकडेच राहतो आणि पुन्हा लीजवर देता येतो.

दुसरा प्रकार म्हणजे नुसता रॉयल्टीचा हक्क, लीज देण्याचा अधिकार नसलेला. उत्पन्नातला वाटा मिळतो, पण लीजच्या अटी ठरवण्यात तुम्हाला कुणी विचारत नाही आणि बोनसही मिळत नाही. हा हक्कही कायमचा असू शकतो.

तिसरा, ओव्हररायडिंग रॉयल्टी. हा लीजमधून कोरून काढलेला वाटा. लीज मेलं की हाही मेला. वारशात हा आला असेल तर त्या लीजखालच्या विहिरी किती जुन्या आहेत ते आधी बघा, कारण त्याचं आयुष्य तेवढंच.

चौथा, वर्किंग इंटरेस्ट. याच्यापासून सावध राहा. यात उत्पन्नाबरोबर खर्चातही वाटा असतो. विहीर दुरुस्तीला आली की बिल तुमच्या नावावर येतं, आणि शेवटी ती बुजवण्याचा खर्चही. बाकीच्या तिघांना विहीर खोदण्याच्या खर्चाशी देणंघेणं नसतं. फाइलमध्ये चेकबरोबर बिलंही सापडली, तर हा प्रकार आहे असं समजा.

आणि वरची जमीन? ती बऱ्याचदा तुमची नसतेच. टेक्ससच्या कायद्यात खनिजाचा हक्क जमिनीवर वरचढ मानला जातो. तेल काढायला लागेल तेवढी जमीन कंपनी वाजवी रीतीने वापरू शकते. म्हणून टेक्ससमध्ये घर घेणाऱ्यांनीही आपल्या खरेदीखतात खनिज हक्क मिळालेत की आधीच्या मालकाने राखून ठेवलेत हे एकदा वाचावं.

काउंटीचं दप्तर

आपल्याला सातबाऱ्याची सवय असते. उतारा काढला की भोगवटादाराचं नाव दिसतं, वारस नोंद झाली की फेरफार पडतो. अमेरिकेत असा उतारा नाही. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. तिच्या क्लर्कच्या कार्यालयात फक्त दस्त नोंदलेले असतात: अमक्याने तमक्याला अमुक दिलं, त्याने पुढे तमुक राखून ठेवलं. आज मालक कोण, हे कोणतंही सरकारी कार्यालय तुम्हाला सांगत नाही. पहिल्या सरकारी पट्ट्यापासून आजवरची दस्तांची साखळी जुळवून ते तुम्हीच सिद्ध करायचं. हे काम करणाऱ्या माणसाला लँडमन म्हणतात. तो दिवसाच्या दराने पैसे घेतो. हक्क लहान असेल तर सगळी साखळी त्याच्याकडून काढून घेणं परवडत नाही. शेवटचे दोन-तीन दस्त मात्र स्वतः शोधता येतात, आणि बऱ्याच काउंट्यांच्या दस्तांच्या सूची आता ऑनलाइन आहेत.

सुरुवात चेकच्या चिठ्ठीपासून करा. तिच्यावर काउंटीचं नाव आणि विहिरीचं किंवा लीजचं नाव असतं. कधी विहिरीचा एपीआय क्रमांक, म्हणजे तिचा ओळख क्रमांकही असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्याचे. टेक्ससचे ४२, ओक्लाहोमाचे ३५. पुढचे तीन काउंटीचे. मग त्या काउंटीच्या दप्तरात कुटुंबातल्या जुन्या नावांनी शोध घ्या. ज्याने दिलं त्याच्या नावाने एकदा आणि ज्याने घेतलं त्याच्या नावाने एकदा. आजीचं माहेरचं नाव विसरू नका. हक्क पुष्कळदा तिच्याच वडिलांकडून आलेला असतो.

दस्त सापडला की जमिनीचं वर्णन आणि अपूर्णांक या दोनच ठिकाणी नजर ठेवा. ओक्लाहोमात जमीन ६४० एकरांच्या चौकोनी सेक्शनमध्ये मोजलेली आहे, वाचायला सोपी. टेक्ससमध्ये जुने सर्व्हे आणि ॲब्स्ट्रॅक्ट क्रमांक आहेत, आणि सीमा कधी ओढ्याच्या वळणाने जातात.

अपूर्णांकांची गंमत, किंवा खरं तर डोकेदुखी, वेगळीच. शंभर वर्षांपूर्वी रॉयल्टी म्हणजे एक अष्टमांश हे इतकं ठरलेलं होतं की लोक सगळ्या खनिज हक्कालाच सवयीने "एक अष्टमांश" म्हणत. १९२४ च्या एका टेक्ससी दस्तात "एक अष्टमांशाचा अर्धा" हिस्सा राखून ठेवला होता. साध्या गुणाकाराने तो सोळावा भाग होतो. २०२३ मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या काळच्या वापरात याचा अर्थ सबंध हक्काचा अर्धा असा धरायचा. म्हणजे आठपट फरक! तुमच्या जुन्या दस्तात असे दुहेरी अपूर्णांक दिसले तर कॅल्क्युलेटर ठेवून द्या आणि तेल-गॅसचं काम करणाऱ्या वकिलाला दाखवा.

पेनसिल्व्हेनियाचा खाक्याही असाच जुना. तिथे १८८२ पासून चालत आलेल्या न्यायालयीन नियमाप्रमाणे दस्तात नुसतं "खनिजं राखून ठेवली" असं लिहिलं तर त्यात तेल आणि गॅस धरत नाहीत. ते वेगळे लिहावे लागतात. २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम पुन्हा उचलून धरला.

काही राज्यांत हक्क न वापरल्यामुळेही हातचा जातो. लुइझियानात दहा वर्षं वापर झाला नाही तर जमिनीपासून वेगळा केलेला खनिज हक्क जमीनमालकाकडे परत जातो. नॉर्थ डकोटात वीस वर्षांच्या निष्क्रियतेनंतर जमीनमालक जाहीर नोटीस देऊन तो मागू शकतो. काउंटीत आपल्या हक्काचं निवेदन नोंदवून ठेवलं तर तो वाचतो. टेक्ससमध्ये असा कायदा नाही. पण मालकाचा ठावठिकाणा लागत नसेल तर न्यायालय रिसीव्हर, म्हणजे हक्क सांभाळणारा माणूस, नेमून त्याच्या वतीने लीज देऊ शकतं.

हक्क आपल्या नावावर करणं

ऑपरेटर, म्हणजे विहीर चालवणारी कंपनी, मृत व्यक्तीच्या नावाचे चेक थांबवते आणि रक्कम "सस्पेन्स"मध्ये ठेवते. ती मोकळी व्हायला मालकी तुमच्याकडे आली हे कागदावर दिसावं लागतं. नुसता मृत्यूचा दाखला पुरत नाही.

मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून ते मान्य करून घेणं. इथे बऱ्याच कुटुंबांची चूक होते: न्यू जर्सीत राहणाऱ्या आईचं प्रोबेट न्यू जर्सीत झालं, घर, बँक सगळं मिटलं, आणि टेक्ससच्या हक्कांचं काहीच केलं नाही. खनिज हक्क स्थावर मालमत्ता आहे, त्यामुळे ज्या ज्या राज्यात तो आहे तिथे वेगळी कारवाई लागते. टेक्ससमध्ये दुसऱ्या राज्यात प्रोबेट झालेल्या मृत्युपत्राची आणि आदेशाची प्रमाणित प्रत काउंटीत नोंदवून काम भागू शकतं. ओक्लाहोमात बहुधा तिथल्या न्यायालयात जावं लागतं. टेक्ससमध्ये मृत्यूनंतर साधारण चार वर्षांत मृत्युपत्र न्यायालयात न्यायचं असतं. मुदत टळली, पण कर्ज वगैरे काही उरलेलं नसेल, तर मृत्युपत्राला फक्त मालकीचा पुरावा म्हणून मान्यता देणारी हलकी प्रक्रियाही आहे. वकिलाला "म्युनिमेंट ऑफ टायटल" जमेल का, असं विचारा.

मृत्युपत्र नसेल तर टेक्ससमध्ये वारसाचं प्रतिज्ञापत्र चालतं. कुटुंबाला ओळखणारे पण वारशात हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार कोणाची किती लग्नं झाली, मुलं किती, कोण हयात, हे शपथेवर सांगतात आणि ते काउंटीत नोंदवलं जातं. स्वस्त मार्ग आहे आणि बहुतेक ऑपरेटर तो मानतात, पण न्यायालयाच्या आदेशाची ताकद त्याला नाही. लहान रकमेसाठी मी हाच मार्ग सुचवेन. हक्क मोठा असेल, किंवा वारसांत कुरबुर असेल, तर न्यायालयाकडूनच वारस ठरवून घ्या.

मृत्युपत्राविना वारसा आला की हिस्सेही नीट समजून घ्यावे लागतात. टेक्ससमध्ये मृताच्या स्वतःच्या, म्हणजे वारशाने आलेल्या स्थावरात हयात पती किंवा पत्नीला एक तृतीयांश हिस्सा फक्त आयुष्यभरासाठी मिळतो, बाकी मुलांचं. अशा हक्कावर नवं लीज द्यायचं तर आई आणि मुलं दोघांच्याही सह्या लागतात. कंपनीच्या प्रतिनिधीने एकट्या आईची सही घेतली असेल तर ते लीज लंगडं आहे.

नोंदणी झाली की शिक्क्याच्या प्रती प्रत्येक ऑपरेटरच्या "ओनर रिलेशन्स" विभागाला पाठवा, सोबत कराचा फॉर्म. अमेरिकी करदात्यांसाठी डब्ल्यू-९. तो दिला नाही तर २४ टक्के रक्कम सरकारकडे वळती होते. भारतात राहणाऱ्यांचा फॉर्म वेगळा. ते पुढे येतंच.

डेसिमल: तुमचा वाटा किती

कंपनी तुम्हाला डिव्हिजन ऑर्डर, म्हणजे तुमचा वाटा सांगणारा कागद, पाठवेल. त्यात आठ दशांश स्थळांची एक संख्या असते. प्रत्येक महिन्याचा चेक तिच्यावरून काढला जातो. ती स्वतः काढून पाहिल्याशिवाय सही करू नका. गणित शाळेतलंच आहे.

समजा, पणजोबांकडे १६० एकर होते. जमीन विकताना त्यांनी अर्धे खनिज हक्क राखले: ८० नेट मिनरल एकर (एकूण एकर गुणिले आपल्या हक्काचा अपूर्णांक). मुलं तीन, तिघांना सारखा वाटा. तुमची आजी त्यांतली एक. तिला दोन मुलं, आणि तुम्ही त्यांतल्या एकाचे एकुलते वारस. तुमचा वाटा ८० चा सहावा भाग, १३.३३३ एकर. कंपनीने विहिरीसाठी शेजारचे तुकडे जोडून ६४० एकरांचं युनिट केलं आहे आणि तुमच्या लीजमधली रॉयल्टी तीन-सोळांश, म्हणजे ०.१८७५. तर १३.३३३ भागिले ६४०, गुणिले ०.१८७५. उत्तर ०.००३९०६२५.

डिव्हिजन ऑर्डरवर ०.००२६०४१७ असेल तर? कुणीतरी रॉयल्टी एक अष्टमांश धरली आहे. ०.००१९५३१२ असेल तर वाटा निम्मा झालाय. बहुधा आजीला चार मुलं होती असं त्यांच्या दप्तरात आहे, किंवा तुमच्या चुलत भावंडांचं काही चुकलंय. संख्येवरूनच चूक कुठे झाली याचा अंदाज येतो. कंपनीला लेखी विचारा की हिशेब कुठल्या टायटल ओपिनियनवर (मालकीविषयी वकिलाने दिलेल्या मतावर) केला आहे.

लांब आडव्या विहिरी आता दोन-तीन मैल जातात आणि कधी अनेक तुकड्यांखालून जातात, तेव्हा उत्पादनाचा किती भाग कुठल्या तुकड्याचा हा आणखी एक गुणक येतो. तोही मागून घ्या.

टेक्ससच्या कायद्याप्रमाणे डिव्हिजन ऑर्डर लीजच्या अटी बदलू शकत नाही, आणि ३० दिवसांची नोटीस देऊन ती रद्द करता येते. तरी सही करण्यापूर्वी तिच्यात रॉयल्टीच्या व्याख्येला किंवा कपातीला हात लावणारं वाक्य घुसडलेलं दिसलं तर ते खोडा. काही कंपन्या कुरकुर करतात, मग मुकाट्याने मान्य करतात.

चेकची चिठ्ठी वाचणं

प्रत्येक ओळीत विहीर, उत्पादनाचा महिना, मालाचा प्रकार, प्रमाण, भाव, एकूण किंमत, कर, कपाती, मग तुमचा डेसिमल आणि शेवटी तुमची रक्कम. तेल बॅरलमध्ये, बॅरल म्हणजे ४२ गॅलन. गॅस एमसीएफमध्ये, म्हणजे हजार घनफुटांत. आज हाती आलेला चेक साधारण दोन महिन्यांपूर्वीच्या तेलाचा आणि त्याहून जुन्या गॅसचा असतो, त्यामुळे आजच्या पेपरातला भाव त्याच्याशी ताडू नका.

वरच्याच उदाहरणात महिन्याला ६,००० बॅरल, ७० डॉलर भाव. एकूण ४,२०,००० डॉलर, तुमचे १,६४०.६३. त्यातून टेक्ससचा तेलावरचा ४.६ टक्के उत्पादन कर, सुमारे ७५ डॉलर. ही ओळ स्वच्छ. गॅसची ओळ मात्र नीट बघा. २०,००० एमसीएफ, अडीच डॉलर भाव, तुमचे १९५.३१. आणि पुढच्या रकान्यात गोळा करणं, दाब देणं, शुद्ध करणं, वाहून नेणं या नावाखाली एमसीएफमागे ८० सेंट कापले असतील तर तुमचे ६२.५० डॉलर गेले. जवळजवळ एक तृतीयांश. त्यानंतर साडेसात टक्के कर.

ही कपात कायदेशीर आहे का, हे तुमच्या लीजमधल्या शब्दांवर ठरतं. टेक्ससमध्ये "विहिरीच्या तोंडाशी असलेली बाजारकिंमत" असा शब्दप्रयोग असेल तर विहिरीनंतरचा खर्च वाटून घ्यावा लागतो. १९९६ च्या एका निकालात तर लीजमध्ये कपात करायची नाही असं लिहिलेलं असूनही न्यायालयाने ते कलम निरर्थक ठरवलं, कारण रॉयल्टी विहिरीच्या तोंडाशी मोजायची असं त्याच लीजमध्ये होतं. कोलोरॅडो, ओक्लाहोमा, कॅन्सस इथली न्यायालयं मालकांच्या बाजूने जास्त झुकलेली आहेत. माल विकण्याजोगा करण्याचा खर्च तिथे साधारणपणे कंपनीचा.

उत्पादनाचे आकडे ताडून बघायला टेक्ससमध्ये रेलरोड कमिशनची वेबसाइट फुकट आहे. नावाला फसू नका. रेल्वेचं उरलंसुरलं काम या आयोगाकडून २००५ मध्येच गेलं. तेल-गॅसचं नियमन मात्र तोच करतो. तिथे तेलाचे आकडे लीजप्रमाणे आणि गॅसचे विहिरीप्रमाणे मिळतात. रॉयल्टीच्या वादात मात्र हा आयोग पडत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय, आणि कमी पैसे दिल्याचा दावा टेक्ससमध्ये चार वर्षांच्या आत करावा लागतो.

कधी चिठ्ठीवर उणे आकडे दिसतात. आधीच्या महिन्यांचा हिशेब सुधारून वजा केलेला असतो. एकदोनदा ठीक. वर्षभर जुना महिना पुन्हा पुन्हा उलटवला जात असेल तर लेखी खुलासा मागा.

पैसे येत नसतील तर

टेक्ससमध्ये पहिल्या विक्रीचा महिना संपल्यापासून १२० दिवसांत पहिला चेक यायला हवा. त्यानंतर तेलाचे पैसे ६० आणि गॅसचे ९० दिवसांत. रक्कम १०० डॉलरपेक्षा कमी असेल तर कंपनी ती साठवून ठेवू शकते, म्हणून लहान हक्कांचा चेक वर्षातून एकदाच येतो. मालकीचा घोळ असेल तर ती पैसे अडवू शकते. घोळ नसताना उशीर केला तर व्याज द्यावं लागतं. पत्र नोंदणीकृत टपालानेच पाठवा.

पत्ता बदलला, कंपनी विकली गेली, चेक परत गेले, की काही वर्षांनी ती रक्कम राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या खात्यात जाते. वारसांनी पहिल्याच आठवड्यात करायचं सोपं काम म्हणजे त्या राज्याच्या साइटवर मृताचं नाव शोधणं. रक्कम तिथे वाट बघत असते आणि ती मिळवून द्यायला टक्केवारी मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. कंपन्यांचे मालक सतत बदलतात. मे २०२४ मध्ये एक्सॉनमोबिलने पायोनियर घेतली, तेव्हा पर्मियन खोऱ्यातल्या कितीतरी मालकांचा चेक देणारा बदलला. अशा वेळी पत्ता आणि बँक तपशील नव्या कंपनीकडे पोचलेत ना, ते बघा.

नवं लीज आलं तर

आधी हे तपासा की जुनं लीज खरंच संपलंय का. लीजची सुरुवातीची मुदत साधारण तीन वर्षं असते, पण एकदा उत्पादन सुरू झालं की ते चालू असेपर्यंत लीज जिवंत. १९५० च्या दशकातलं, एक अष्टमांशाचं लीज एका मरतुकड्या उभ्या विहिरीच्या जोरावर आजही सगळी जमीन धरून असू शकतं. मग तुमच्याकडे वाटाघाटीला काही उरत नाही.

लीज मोकळं असेल तर लोक बोनसच्या आकड्यावर भांडतात आणि रॉयल्टी सोडून देतात. उलट करा. चांगल्या भागात एक चतुर्थांश मागण्यात काहीही गैर नाही. एक अष्टमांशाचं छापील लीज पुढे आलं तर ते घासाघीस न करणाऱ्यांसाठी आहे असं समजा. कपात नाही हे लिहून घ्या, पण रॉयल्टी कुठे आणि कुठल्या किमतीवर मोजायची तेही त्याच भाषेत बसवून घ्या, नाहीतर १९९६ सारखं होतं. कंपनीने न खोदलेले एकर आणि न गाठलेली खोली मुदतीनंतर मोकळी व्हावी, हे प्यू (Pugh) क्लॉज नावाचं कलम मागा. उत्पादन नसताना नाममात्र रक्कम देऊन लीज जिवंत ठेवण्याला कालमर्यादा घाला. मालकीची हमी देणारं कलम खोडा; साखळीत काय निघेल ते तुम्हाला कुठे ठाऊक आहे? यातलं निम्मंही मिळालं तरी पुष्कळ.

ओक्लाहोमात लीज न दिल्याने सुटका होत नाही. तिथलं कॉर्पोरेशन कमिशन सक्तीने सगळ्यांना एका युनिटमध्ये घेऊ शकतं. आदेशात बोनस आणि रॉयल्टीच्या वेगवेगळ्या जोड्यांचे पर्याय असतात आणि थोडे दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर आदेशात ठरलेला पर्याय तुमच्या गळ्यात पडतो. असा जाड लिफाफा आला की तो बाजूला टाकू नका.

विकत घेणारे

एकाच महिन्यात तीन-चार पत्रं आली तर ती योगायोगाने आलेली नसतात. कुणीतरी तुमच्या तुकड्यावर विहिरीची परवानगी मागितली आहे आणि हक्क घेणाऱ्या कंपन्यांनी ती तुमच्याआधी पाहिली आहे. त्याच दिवशी रेलरोड कमिशनच्या साइटवर परवानग्या बघा. आज महिन्याला २०० डॉलर देणाऱ्या हक्काला त्याच्या साठपट किंमत मिळतेय म्हणून विकायचं, आणि वर्षभरात शेजारी चार नव्या विहिरी लागायच्या, असं सर्रास होतं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. शेल खडकातल्या विहिरीचं उत्पादन पहिल्या वर्षातच निम्म्याहून खाली येतं, त्यामुळे पहिले सहा चेक पाहून आयुष्याचं गणित मांडू नका. भावही भरवशाचा नाही: २० एप्रिल २०२० ला अमेरिकी तेलाच्या वायद्याचा भाव उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला, आणि २०२४ मध्ये पश्चिम टेक्ससमधला गॅस कित्येक दिवस उणे भावाने विकला गेला. पैशांची गरज असेल, हक्क लहान असेल, कागदपत्रांचा वैताग असेल तर विकण्यात कमीपणा नाही. फक्त दोन-तीन खरेदीदारांकडून भाव घ्या, किंवा लिलावात टाका. काही पत्रांत ड्राफ्ट जोडलेला असतो आणि सोबतचा कागद लीजसारखा दिसतो, पण आत "मिनरल डीड" लिहिलेलं असतं. तो वटवला की हक्क गेला.

कर, इथला आणि तिथला

वारशात मिळालेल्या हक्काची कराच्या दृष्टीने किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरली जाते. त्या दिवसाचं मूल्यांकन करून घेतलं नाही तर पुढे विकताना नफा विनाकारण मोठा दिसतो. रॉयल्टी १०९९-मिस्क फॉर्मवर येते आणि अमेरिकी विवरणपत्रात शेड्यूल ई मध्ये जाते. साठा संपत जातो म्हणून बहुतेक रॉयल्टी मालकांना एकूण उत्पन्नाच्या १५ टक्के डिप्लिशनची वजावट मिळते. कर सल्लागार तेलाच्या बाहेरचा असेल तर तो हे हमखास विसरतो. वजावट आणि उत्पादन कर धरायचा तर निव्वळ चेक नाही, चिठ्ठीवरची एकूण रक्कम लिहावी लागते. टेक्ससमध्ये चालू विहिरीवरच्या हक्काला काउंटीचा मालमत्ता करही लागतो. ५०० डॉलरपेक्षा कमी किमतीच्या हक्काला तो माफ.

भारतात राहणाऱ्या वारसाला डब्ल्यू-८बेन भरावा लागतो आणि साधारणपणे एकूण रकमेवर ३० टक्के कापले जातात. करारातल्या रॉयल्टीच्या कमी दराची आशा धरू नका; तो दर पेटंट, लेखन यांच्यासाठी आहे. तेलाची रॉयल्टी भारत-अमेरिका कर करारात स्थावराच्या उत्पन्नात मोडते. त्याऐवजी निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय निवडून १०४०-एनआर हे अनिवासींचं विवरणपत्र भरलं तर डिप्लिशनही मिळतं आणि कर बहुधा बराच कमी बसतो. त्यासाठी अमेरिकी करदाता क्रमांक लागतो, तो आधी काढा. हक्क विकला तर खरेदीदार विक्रीच्या रकमेतून १५ टक्के कापून सरकारकडे भरतो. नंतर विवरणपत्र भरून जादा परत घेता येतं.

भारताकडून बघायचं तर परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने आलेली परदेशी मालमत्ता ठेवायला फेमा कायद्याची आडकाठी नाही. पण तुम्ही भारतात कायम रहिवासी करदाते असाल तर हे उत्पन्न इथेही करपात्र आहे. अमेरिकेत भरलेल्या कराची वजावट मागता येते, आणि परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हक्काची नोंद करावीच लागते, चेक महिन्याला वीस डॉलरचा असला तरी. ती लपवल्यास २०१५ च्या काळ्या पैशाविरोधी कायद्याखाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो.

भारतातल्या वारसाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी नसलेल्या माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेला तिथल्या मृत्युकरात सूट आहे ती फक्त ६०,००० डॉलरपर्यंत. हक्क मोठा असेल तर तो स्वतःच्या नावावर ठेवायचा की कंपनी किंवा ट्रस्टमध्ये, हा प्रश्न दोन्ही देशांच्या सल्लागारांना एकत्र बसवूनच सोडवा, कारण एका देशात सोयीची रचना दुसऱ्या देशात महाग पडते. अमेरिकेतल्या भावंडांनीही सहा जणांत हिस्से फोडण्याआधी एका एलएलसीत (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत) हक्क घालण्याचा विचार करावा. ऑपरेटरला मग एकच चेक पाठवावा लागतो, लीजवर एकच सही लागते, आणि पुढच्या मृत्यूच्या वेळी काउंटीत पुन्हा प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागत नाही. एलएलसी करायची ठरली तर काउंटीच्या नावापासून डेसिमलपर्यंत सगळं हक्क हस्तांतराच्या दस्तात नीट उतरवा, आणि "या काउंटीतले अन्य सर्व हक्कही" असं वाक्य घालायला सांगा; कुटुंबाला माहीत नसलेला एखादा तुकडा पुढे सापडलाच तर तोही त्यातच येतो.